मस्कतला नेलेला गुडघा

मस्कतहून परत येऊन दोन महिने होत आले. स्टाफरूममध्ये अजून कुणी ना कुणी विचारतं, "काय सर, कसं आहे ओमान?" मी सांगतो, स्वच्छ आहे, रस्ते चांगले आहेत, माणसं हळू आवाजात बोलतात. तेवढ्यावर त्यांचं समाधान होतं. सामन्याबद्दल विचारलं तर मी चहा मागवतो. जे सांगितलेलं नाही ते निदान लिहून काढावं, म्हणून बसलो आहे.

मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकवतो. एकतीस वर्षं झाली, या मे महिन्यात निवृत्त होईन. एवढ्या वर्षांत माझ्या हाताखालून पुष्कळ पोरं खेळून गेली, पण परदेशातून बोलावणं आलेला पहिला मुलगा म्हणजे संकेत. शेवटच्या वर्षाला आहे, फुटबॉलमध्ये उजव्या बगलेवरून धावतो, आणि धावायला लागला की पेठेतली म्हातारी माणसंसुद्धा उठून उभी राहतात. त्याचे वडील शिरोलीला फौंड्रीत आहेत. खेळातून काही झालं नाही तर जूनपासून त्यानेही तिथेच कामाला लागायचं, असं घरात ठरलेलं.

आखातातल्या एका क्रीडा कंपनीने हा सामना भरवला होता. एका बाजूला भारतातल्या कॉलेजांचे निवडक खेळाडू, दुसऱ्या बाजूला आखातातल्या कॉलेजांचे. चार दिवस सराव आणि मग एकच प्रदर्शनीय सामना, व्यावसायिक क्लबांच्या माणसांसमोर. चषक नाही, गुणतक्ता नाही. अशा सामन्यात कोण जिंकलं हे आठवड्याने कुणाला आठवत नाही. कोण दिसलं तेवढं उरतं.

सोमवार, अल् खुवैर

विमानतळाबाहेर खेळाडूंची बस उभी होती. संयोजकांचा माणूस नम्रपणे म्हणाला की सोबत आलेल्यांनी आपापली सोय करायची, आणि दुपारच्या सरावाला येऊन बसायला हरकत नाही. संकेत खिडकीतून हात हलवत गेला. कानात इअरफोन होते, त्यामुळे मी काय ओरडलो ते त्याला ऐकू गेलं नसावं.

माझी सोय दाऊदभाईंकडे होती. आमच्या कॉलेजातल्या एका प्राध्यापकांचे हे थोरले भाऊ, रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावातले, तीस वर्षं मस्कतमध्ये. विमानतळाच्या दारात ते पुठ्ठ्याचा तुकडा धरून उभे होते. त्यावर मराठीत लिहिलं होतं, 'मास्तर, कोल्हापूर'.

"नाव इसरलो तुमचं," ते हसून म्हणाले. "पन हितं दुसरा मास्तर कोन येनार कोल्हापूरचा? चला, यल्ला."

दाऊदभाई एका ओमानी मालकाची मासळीची थंड गाडी चालवतात. मालकाला ते 'अर्बाब' म्हणतात, आणि या शब्दात भीतीपेक्षा सवय जास्त आहे. अल् खुवैरमध्ये त्यांची दोन खोल्यांची जागा. दुसऱ्या खोलीतला माणूस रजेवर गावी गेला होता, त्याची कॉट मला मिळाली. त्याचे लुंगी-टॉवेल दोरीवर तसेच होते. पाच दिवस मी त्या परक्या माणसाच्या साबणाच्या वासात झोपलो.

जेवायला नारळाच्या वाटणातलं सुरमईचं कालवण आणि भात होता. कोल्हापूरच्या माणसाला तिखट कमी वाटणार हे ओळखून त्यांनी हिरव्या मिरच्यांची बशी पुढे सरकवली. जेवण झाल्यावर ते भिंतीला टेकून बायकोशी फोनवर बोलत बसले. मीही हिला फोन लावला. ही मुलीच्या बाळंतपणासाठी बंगळुरूला आहे, सात महिने झाले. मागे बाळ रडत होतं. "पोचलात ना? बरं. नंतर बोलू या?" ती म्हणाली, आणि ठेवला.

मंगळवार

दाऊदभाई पहाटेच कामावर गेले. सराव दुपारी होता. सकाळभर काय करायचं, म्हणून चालायला निघालो.

अल् खुवैरमध्ये चालायला निघालेला माणूस म्हणजे काहीतरी बिघडलेला माणूस. सरकारी कार्यालयं, कंपन्यांच्या इमारती, भाड्याच्या सदनिका, सगळं पांढरं आणि दुधाळ, आणि सगळे गाडीत. फूटपाथ चांगला सुरू होतो आणि अचानक एका वाहनतळात विरून जातो. मी रस्त्याच्या कडेला नुसता उभा राहिलो तरी गाड्या थांबायच्या. आत बसलेला पांढऱ्या पायघोळ दिशदाशातला माणूस हात पुढे करून 'जा' म्हणायचा. आमच्याकडे रस्ता ओलांडताना जीव मुठीत धरावा लागतो. इथे माझ्यासाठी तीन गाड्या थांबलेल्या बघून मला पलीकडे जायचं नसतानाही मी गेलो. मग पलीकडून परत यायला पुन्हा तीन गाड्या थांबल्या.

एका म्हाताऱ्या ओमानी गृहस्थाने तर गाडी बाजूला घेऊन विचारलं, "व्हेअर गो?" मी 'चहा' एवढंच म्हणालो. त्याने दार उघडलं, मला दोन चौक पुढच्या मलबारी हॉटेलपाशी सोडलं, छातीवर हात ठेवला आणि गेला. कागदी पेल्यातला चहा घट्ट आणि वेलचीचा होता, आणि पराठ्यात ऑम्लेट गुंडाळून वर बटाट्याच्या चिप्स चुरलेल्या. बरा लागला. पण तीन तासांत मी उच्चारलेला तो एकच शब्द होता, चहा, हे पेला रिकामा झाल्यावर लक्षात आलं.

दुपारी टॅक्सी करून मैदानावर गेलो. शहराच्या कडेचं क्रीडा संकुल, मागे उघडे तपकिरी डोंगर, आणि त्यांच्या पायथ्याशी हिरवळ इतकी हिरवी की खोटी वाटावी. खेळाडूंच्या पाठीवर नावं नव्हती, नुसते आकडे होते. क्लबांची माणसं सावलीत खुर्च्या टाकून मांडीवरच्या टॅबलेटवर काहीतरी टिपत होती. संकेतला सात नंबर मिळाला होता. कुणी कुणाला पास देत नव्हतं. पास दिला की आपण दिसेनासे होतो, हे त्या पोरांना कुणी न सांगता कळलेलं होतं.

दहा मिनिटं बघितलं आणि मी उठून पुढे कठड्याशी गेलो.

संकेत डाव्या पायावर वळत नव्हता. उजवीकडून आत घुसताना त्याचा डावा पाय जमिनीत रोवला जातो आणि तो भोवऱ्यासारखा फिरतो, हे मी चार वर्षं बघत आलोय. आज तो लांबून वळसा घेत होता. इतरांना तो शहाणपणाने जागा शोधतोय असं वाटलं असेल. एका उडीनंतर तो उतरला तो उजव्याच पायावर.

सराव संपल्यावर कठड्यापाशी त्याला गाठलं.

"गुडघा कधी सरकला?"

"कुठला गुडघा ओ सर?"

"संकेत."

त्याने मागे बघितलं, मग आवाज खाली आणला. "तीन आठवडे झाले. पेठेत म्हातारबाच्या पटांगणात खेळताना. काय नाही, थोडं सुजलंतं. आता उतरलंय."

"डॉक्टरी तपासणी?"

"ती आधीच झालीती की. सर, एकच म्याच हाय. नव्वद मिनिटं. मी काढतो की ओ. मग घरी जाऊन ऑपरेशन करा, प्लास्टर घाला, काय पाहिजे ते करा. फक्त आता काय तर बोलू नका."

"आणि मैदानातच तुटला तर?"

"नाही तुटायचा." मग तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "सर, बाबांच्या हातावर भट्टीचे डाग किती हायत, तुम्ही बघितलायसा."

बघितले होते. तो आत गेला, आणि आत जाताना मुद्दाम, मला दिसेल असा, ताठ चालत गेला.

बुधवार, सूरची वाट

दाऊदभाईंनी माझा चेहरा बघितला असावा. पहाटे म्हणाले, "एकटे काय बसताव घरात? सूरला मासळी आनाया जातंय. चला."

समुद्र डावीकडे आणि डोंगर उजवीकडे, मधून गुळगुळीत रस्ता. डोंगरांवर झाड नाही, झुडूप नाही. आमच्याकडचा डोंगर पाहिला की कुणीतरी तिथे राहत असेल, गुरं चारत असेल असं वाटतं. हे डोंगर कुणाची वाट बघत नव्हते. मध्येच दरीच्या तोंडाशी खजुरांचा हिरवा पुंजका, त्यात पाच-दहा घरं, आणि पुन्हा दगड. तासाभराने मीच त्यांना सगळं सांगितलं.



"मी हितं आलंय तवा गोदामात हमाल होतंय," ते म्हणाले. "दुसऱ्याच वर्षी कंबर गेली. बरफाची पेटी उचलली नि कट् करून आवाज झाला. अर्बाबला सांगितलं नाय. सांगितलं असतं तर खलास, पाठवला असता गावी. सात वर्षं तशीच उचलली. त्यावर घर झालं, दोन बहिनींची लग्नं झाली. आता नमाजाला वाकता येत नाय, खुर्चीत बसून पढतंय."

"मग कुणीतरी सांगायला हवं होतं, नाही का?"

"कोनी सांगितलं असतं ना मास्तर, तर मी त्याला जल्मभर शिव्या घातल्या असत्या." त्यांनी गाडीचा वेग कमी केला. समोरून एक उंट निवांत रस्ता ओलांडत होता. "आनि कंबर शाबूत असती तरी घातल्या असत्या."

म्हणजे काय करू, असं विचारायचं होतं. पण उंट गेला आणि त्यांनी रेडिओ लावला.

सूर हे बसकं, पांढरं गाव खाडीला बिलगून आहे. धक्क्यावर सुरमई, टूना रांगेने मांडलेले. दाऊदभाई भावताव करेपर्यंत मी लाकडी गलबतं बांधतात तिथे जाऊन उभा राहिलो. एका अर्धवट गलबताच्या फासळ्या उघड्या होत्या आणि आत केरळचे दोन सुतार ठोकत होते. देखरेख करणाऱ्या वृद्ध ओमानी गृहस्थांनी मला खुणेने बसवलं, खजूर दिले आणि मुठीएवढ्याही नसलेल्या कपात बिनदुधाची कॉफी ओतली. मी प्यालो. त्यांनी पुन्हा ओतली. नको म्हणणं उद्धट दिसेल म्हणून मी पुन्हा प्यालो. सात-आठ वेळा असं झालं. माझ्या छातीत धडधडायला लागलं तरी किटली थांबेना. दाऊदभाई आले आणि खो खो हसले. "कप हलवा मास्तर! असा हलवायचा! नायतर ते संध्याकाळपर्यंत वततील!" कप हलवला. त्या गृहस्थांनी लगेच किटली खाली ठेवली, आणि तेही हसले. त्या पाच दिवसांतलं माझं तेवढंच हसणं.

येताना दाऊदभाईंना इब्राच्या बाजारात एका गिऱ्हाइकाला मासळी पोचवायची होती, म्हणून आतल्या रस्त्याने आलो. तिथे त्यांनी मला गरम हलवा खाऊ घातला, केशर आणि तूप घातलेला, चमच्याला ओढला तर तार यावी असा. समोरच्या दुकानापुढे एक माणूस आपल्या मुलाच्या डोक्यावरची भरतकामाची टोपी दोन्ही हातांनी नीट करत होता. मुलगा चांगला वीस-बावीसचा, मिशा फुटलेला, पण मान खाली घालून उभा होता. मी हलवा तिथेच ठेवला.

गुरुवार

या दिवशी मी कुठे गेलो नाही. सरावाला गेलो नाही. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या वाहनतळात गाड्या येताना-जाताना बघत बसलो. एकतीस वर्षांत कुठलाही निर्णय घ्यायचा झाला की मी जिमखान्यातल्या शिपायाशी बोलायचो, हिच्याशी बोलायचो, एखाद्या जुन्या खेळाडूला फोन करायचो. तिघांचेही नंबर हाताशी होते. कुणाला लावला नाही. ज्याला विचारीन तो काय म्हणेल हे मला माहीत होतं आणि त्यांच्यातल्या कुणाचाही गुडघा नव्हता तो.

माझाही नव्हता.

शुक्रवार, सामना

सकाळी खेळाडूंच्या हॉटेलात गेलो. संकेत नाश्त्याला निघाला होता. त्याला बाजूला घेतलं.

"तू डॉक्टरांना सांग. नाश्ता होईपर्यंत मी इथे बसतो. तू नाही सांगितलंस तर मी सांगणार."

"सर, मस्करी करू नका."

"मस्करी नाही."

"तुम्ही मला बघितलंच नाही असं समजा की. मंगळवारी तुम्ही आलाच नव्हता, असं समजा."

"बघितलंय रे."

तो आत गेला. काचेतून मला तो दिसत होता. ताटलीत काही घेतलं नाही, नुसता बसून राहिला. अर्ध्या तासाने पोरं उठली, त्यांच्यात मिसळून तो माझ्या समोरून लिफ्टकडे गेला. डॉक्टरांच्या खोलीकडे वळला नाही.

संघाच्या डॉक्टर श्रीलंकेच्या होत्या, बारीक आवाजाच्या. मी मोडक्या इंग्रजीत सांगितलं. त्यांनी संकेतला बोलावून घेतलं, टेबलावर झोपवलं, एका हाताने मांडी धरली आणि दुसऱ्याने पोटरी हलकेच पुढे ओढली. दोन वेळा. मग चादर नीट केली आणि म्हणाल्या, "आय अ‍ॅम सॉरी." संकेत छताकडे बघत होता. मी दारात उभा होतो. त्याने एकदाही मान वळवली नाही.

सामना दुपारी चारच्या सुमारास, असरच्या नमाजानंतर सुरू झाला. गॅलरी निम्मी भरली होती: मल्याळी कुटुंबं, शाळांनी आणलेली गणवेशातली मुलं, काही ओमानी तरुण, आणि मधल्या रांगेत क्लबांची माणसं. माझ्यामागे बसलेली दोन मराठी घरातली मुलं आपसांत इंग्रजीत बोलत होती. आईने 'बघ बघ' म्हटल्यावर त्यातल्या एकाने अडखळत विचारलं, "आई, सात नंबर का नाही खेळतो?" आई म्हणाली, "असेल काहीतरी."

सात नंबर पलीकडच्या बाकावर ट्रॅकसूट घालून बसला होता. त्याच्या जागी कोळीकोडचा फासिल नावाचा उंच मुलगा उतरला. पहिला अर्धा तास तो बावरलेला होता. मग एकदा त्याने चेंडू घेतला, दोघांना चकवलं आणि गोलसमोर असा अलगद टाकला की पुढच्याला नुसता पाय लावायचा होता. सगळं मैदान उठलं. मधल्या रांगेतल्या दोन माणसांनी एकदमच मान खाली घालून टॅबलेटवर लिहिलं. मी संकेतकडे बघितलं. तो टाळ्या वाजवत होता. सगळ्यांनी थांबवल्यावरही एकदोन वाजवल्या त्याने.

सामना बरोबरीत सुटला असं वाटतं. खात्री नाही. संध्याकाळ डोंगरांवरून उतरत होती, मगरिबची बांग लांबून ऐकू येत होती, आणि मैदानाच्या मधोमध फासिलभोवती तीन-चार माणसं उभी होती. संकेत त्यांच्या बाजूने बॅग घेऊन बसकडे गेला.

शनिवार, परत

दाऊदभाईंनी विमानतळावर सोडलं. सुक्या शार्क माशाची पिशवी हातात दिली आणि संकेतच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "इन्शाल्ला, बरा होशील." संकेत त्यांना वाकून 'येतो चाचा' म्हणाला. माझ्याशी तो शुक्रवार सकाळपासून बोललेला नव्हता.

विमानात आमच्या जागा शेजारी-शेजारी होत्या. त्याने मागच्या एका माणसाशी अदलाबदल केली. मुंबईहून कोल्हापूरच्या बसमध्येही तो पुढे, मी मागे. साताऱ्यापुढे बस चहाला थांबली तेव्हा पायरी उतरताना त्याचा पाय लचकला. मी हात पुढे केला. त्याने दांडा धरला.

स्टँडवर त्याचे वडील आले होते, फौंड्रीतून थेट, अंगावर तोच निळा शर्ट. त्यांनी आधी मला नमस्कार केला, मग पोराला विचारलं, "काय रे, कशी झाली म्याच?"

"सरांनी मला खेळू दिलं नाही," संकेत म्हणाला, आणि बॅग घेऊन लंगडत पुढे गेला.

वडील माझ्याकडे बघत राहिले. मला त्यात दुरुस्त करण्यासारखं काही सापडलं नाही. मी गुडघ्याबद्दल सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, "बरं सर," म्हणाले, आणि पोराच्या मागे गेले. मी रिक्षा केली. घराचं कुलूप गंजल्यासारखं झालं होतं, दोनदा किल्ली फिरवावी लागली.

पुढच्या आठवड्यात एमआरआय झाला. गुडघ्याच्या आतला बंध, लिगामेंट, अर्धा तुटलेला होता. मी डॉक्टरांना एकटाच जाऊन भेटलो आणि विचारलं, खेळला असता तर? ते म्हणाले, "काहीही झालं असतं. पूर्ण तुटला असता. किंवा नव्वद मिनिटं नीट निघूनही गेली असती. पोटऱ्या-मांड्या चांगल्या आहेत त्याच्या. सांगता येत नाही." मला कुठलं तरी एक उत्तर हवं होतं. ते घेऊन मी त्याच्या घरी जाणार होतो. गेलो नाही. ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्याच्या खालच्या मजल्यावर बसलो आणि वडिलांना दिसायच्या आधी उठलो.

परवा सकाळी मोबाईलवर संकेतकडून एक व्हिडिओ आला. सोबत एक शब्दही नव्हता. सतरंजीवर उताणा झोपून तो ऑपरेशनचा पाय हळूहळू दुमडत होता. टाच कमरेकडे न्यायचा व्यायाम. दात आवळलेले दिसत होते. अर्ध्यावर आलं की टाच जमिनीवरून सुटत होती, तो चुकारपणा मला लगेच दिसला.

काय लिहावं यावर मी खूप वेळ घालवला. कसा आहेस, लिहिलं आणि पुसलं. माफ कर, लिहिलं आणि पुसलं. शेवटी लिहिलं: 'टाच उचलू नकोस. सरकव.'

त्याने वाचल्याच्या दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. दिवसभर आलं नाही.

आज सकाळी दुसरा व्हिडिओ आला. हाही बिनशब्दाचा. टाच जमिनीला टेकलेली होती.